कपाळाला लावलेली माती

हिरवळ कॉलनीच्या सेक्रेटरीने नाना पहिलवानांना फसवलं. सौदा मी ठरवला होता, म्हणजे मलाही फसवलं. पण माझं मी बघून घेईन. नाना ऐंशीच्या घरात आहेत. त्यांना आता भांडायचा कंटाळा येतो. मला येत नाही, म्हणून हे मी लिहिते आहे.

मी ज्युदो शिकवते. धुळ्यात माझे क्लास आहेत आणि आठवड्यातले काही दिवस मी एसटीने जळगावला जाऊन तिथली बॅच घेते. ज्युदो म्हणजे जाड जॅकेट घालून समोरच्याला पकडायचं आणि त्याचा तोल घालवून त्याला पाडायचं. पूर्वी माझ्याकडे शाळेची पोरं यायची, ज्यांना मेडल हवं असायचं. हल्ली पोट सुटलेली मोठी माणसं जास्त येतात. डॉक्टरने व्यायाम सांगितलेला असतो, जिमचा कंटाळा आलेला असतो, आणि मोबाईलवर कुणीतरी कुणाला लाथ मारताना पाहिलेलं असतं. मग विचारतात, “मॅडम, फिटनेससाठी कराटे बरं की बॉक्सिंग?”

मी उलट विचारते, “शेवटचे कधी पडला होतात?”

लोकांना वाटतं बाई चेष्टा करते. मी चेष्टा करत नाही. दम वाढवायचा असेल तर बॉक्सिंग उत्तम आहे. टांगलेल्या बॅगेवर ठोसे मारत राहा, तीन मिनिटांत जीव मेटाकुटीला येतो. ज्याला शिस्त लागते, एकट्याने घरी करायचं असतं, त्याच्यासाठी कराटे. त्यात हालचालींचा ठरलेला क्रम असतो आणि तो पाठ करून घरच्या ओट्यावरही करता येतो. तायक्वांदोत पाय डोक्यापर्यंत न्यायचा असतो, त्यामुळे ते कमी वयात सुरू केलेलं बरं. हे सगळं चांगलंच आहे. पण चाळिशी ओलांडलेल्या माणसाला आयुष्यात ठोसा मारायची वेळ बहुधा येत नाही. पडायची वेळ मात्र येते. बाथरूममध्ये येते, जिन्यावर येते, बसमधून उतरताना येते. म्हणून माझं मत असं की आधी पडायला शिका. ते ज्युदोत शिकवतात आणि कुस्तीत शिकवतात.

धुळ्यातल्याच हिरवळ कॉलनीने मला बोलावलं तेव्हा हॉलमध्ये चाळीस-पन्नास मंडळी बसली होती. सेक्रेटरी जगदीशभाऊ स्वतः माईक घेऊन उभे. ट्रॅकसूट नवा, शिट्टी गळ्यात. हा माणूस गोड बोलतो आणि बोलताना समोरच्याच्या खांद्यावर हात ठेवतो. माझ्या खांद्यावर ठेवायला हात उचलला होता, पण माझ्याकडे बघून परत घेतला.

“मॅडम, आपल्याला म्युझिकवर किकबॉक्सिंग पाहिजे,” ते म्हणाले. “टाइल्सचा हॉल आहेच. आरसे लावून घेऊ. लेडीजना पण आवडेल.”

“टाइल्सवर कुणी पडलं तर?”

“पडणार कशाला?”

“भाऊ, व्यायामाला येणारा माणूस पडतोच. नाही पडला तर तो नुसता उभा आहे असं समजायचं.”

लोक हसले. मागच्या खुर्चीवरून एक बाई उठल्या. कल्पनाताई, शाळेतून नुकत्याच रिटायर झालेल्या. त्यांनी डावा हात वर केला. मनगट जरा वाकडं बसलेलं होतं.

“मी न्हाणीघरात पडले होते,” त्या म्हणाल्या. “हात टेकला आणि मोडला. तेव्हापासून ओली फरशी दिसली की मी भिंत धरून चालते. माझ्यासाठी तुमच्याकडे काही आहे का? नाचायचं नाहीये मला.”

मी म्हटलं, “तुमच्यासाठीच आहे. हात टेकला म्हणूनच मोडला. पडताना हात टेकायचा नसतो. पण ते इथे फरशीवर नाही शिकवता येणार. त्याला माती लागते.”

आणि माती त्या हॉलच्या मागे पन्नास पावलांवर होती.

नानांचा आखाडा. पत्र्याची शेड, कोनाड्यात मारुती आणि मधोमध हौदा. हौदा म्हणजे मऊ लाल माती भरलेला मोठा खड्डा, ज्यात कुस्ती खेळतात. कॉलनी होण्याच्या कितीतरी आधी तिथे शेत होतं आणि शेतमालकाने कोपरा तालमीसाठी वापरायला दिला होता. पुढे प्लॉट पडले आणि तो कोपरा कॉलनीच्या ओपन स्पेसमध्ये गेला. कायद्याने जागा कॉलनीचीच आहे. जागेबद्दल माझी तक्रार नाही, हे आधीच सांगून ठेवते, कारण जगदीशभाऊ सगळीकडे तेच सांगत फिरतात.

त्या आखाड्यात मी लहानपणी ताक घेऊन जायचे.

आम्ही मूळचे यावलकडचे. वडील केळीच्या बागेत मजुरीला जायचे. ते गेल्यावर आई आम्हाला घेऊन धुळ्याला मामांकडे आली आणि ताक विकायला लागली. संध्याकाळी उरलेलं आंबट ताक कुणी घेत नसे. ते नाना घ्यायचे. पिण्यासाठी नव्हे, मातीसाठी. आखाड्याची माती नुसती आणून टाकली की झालं, असं नसतं. नाना ती शिरपूरच्या पुढून, डोंगराच्या पायथ्याहून आणवायचे. मग चाळायची. त्यात ताक, तिळाचं तेल, हळद, लिंबाचा रस, कडुनिंबाचा पाला. रोज खोदायची, पायाने तुडवायची, पाणी शिंपडायचं. खरचटलं तर ती माती जखमेला लावत, आणि ती चिघळायची नाही असं सगळे म्हणायचे. वास असा की आजही हळद आणि ताक एकत्र आलं की मी कढीच्या पातेल्यासमोर उभी राहून तालमीत जाते.

नाना तेव्हा मार्केट यार्डात हमाली करायचे. दिवसभर पोती, सकाळ-संध्याकाळ आखाडा. मुलींनी आत यायचं नाही असा नियम होता. मी दारात किटली घेऊन उभी राहायचे आणि पोरं एकमेकांना उचलून आपटताना बघायचे. एक दिवस किटली मागे धरली.

“ताक देसू,” मी म्हटलं, “पण माले पडाले शिकाडा.”

नाना दात दाखवून हसले. “तुनं ताक आंबट शे.”

“म्हणीसनच तुमले देस. गोड राहतं तर इकी टाकतू.”

तो माझ्या आयुष्यातला पहिला सौदा. पोरं गेल्यावर नानांनी मला हौद्यात उभं केलं आणि ढकललं. मी हात टेकला. त्यांनी हातावर चापट मारली. “हात नही. पाठ गोल कर, हनुवटी छातीले लाव. माती तुले झेली लेस.” पुन्हा ढकललं. संध्याकाळभर ढकलत होते. घरी गेले तेव्हा केसांत, कानांत, वेणीत माती. आईने मला फैलावर घेतलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच किटली हातात दिली. नाना म्हणायचे, “पडानी भीती गई म्हणजे बठ्ठं येस.” बठ्ठं म्हणजे सगळं. पुढे शाळेतल्या खेळाच्या सरांनी मला ज्युदोला नेलं. तिथे पडायची पद्धत शिकवायला सुरुवात केली तेव्हा मला ती येत होती. सरांनी विचारलं, कुठे शिकलीस? मी सांगितलं, ताकाच्या बदल्यात.

आता तालमीत पोरं येत नव्हती. नाना मात्र रोज सकाळी काठी टेकत यायचे, फावड्याने जमेल तेवढी माती हलवायचे आणि कडेला बसायचे. जगदीशभाऊंना तिथे ओपन जिम हवी होती, लोखंडी सायकली आणि झोके असलेली.

मीटिंग संपल्यावर मी त्यांना बाजूला घेतलं. सौद्यात माझी एक पद्धत आहे. समोरच्याला सगळ्यात जास्त काय हवंय ते आधी बघायचं. जगदीशभाऊंना पुढच्या निवडणुकीत पुन्हा सेक्रेटरी व्हायचं होतं, आणि त्यासाठी भरलेली बॅच हवी होती.

मी म्हटलं, “बॅच मी भरून देते. फी तुम्ही म्हणाल ती. पण शिकवणार हौद्यात. आणि नाना आहेत तोवर हौद्याला कुणी हात लावायचा नाही. पुढे कधी मोडायचाच झाला, तर माती नाना सांगतील तिथे जाईल.”

“मातीचं काय एवढं?”

“तुम्हाला काही नाही ना? मग कबूल करायला काय जातंय?”

ही अट मी हवेतून काढली नव्हती. तालीम बंद पडली तर तिची माती फेकत नाहीत. ती दुसऱ्या आखाड्यात नेऊन मिसळतात. बंद पडलेल्या तालमीची जुनी माती नव्या मातीला लावायची, दह्याला विरजण लावतात तसं. नानांनी जागा ठरवूनही ठेवली होती. त्यांच्या एका शिष्याने यावलजवळ मुलींसाठी आखाडा सुरू केला होता. ज्या तालमीत मुलींना दारात उभं करायचे तिची माती मुलींच्या तालमीत जावी, हे नानांच्या मनात पक्कं बसलं होतं. बाकी त्यांना काही नको होतं.

जगदीशभाऊ आमच्याबरोबर हौद्यापाशी आले. कॉलनीची दहा-बारा माणसं मागे होती. नानांनी त्यांना सगळं पुन्हा विचारलं. जगदीशभाऊ म्हणाले, “नाना, शब्द दिला.” मग त्यांनी वाकून चिमूटभर माती उचलली आणि कपाळाला लावली. कुस्तीला उतरताना पहिलवान लावतो तशी. कुणीतरी फोटोही काढला.

मी पर्समधून कागद काढला होता. नानांनी माझा हात धरला.

“त्यानी मातीले हात लाया ना, पोरी. आखो काय जोयजे?”

“नाना, सही झालेली बरी असते.”

“मातीवर खोटं कोनी बोलस का?”

नानांच्या अख्ख्या आयुष्यात कुणी बोललं नव्हतं. माती कपाळाला लावून कुस्ती सोडणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. मी कागद परत पर्समध्ये टाकला. त्यांच्यासमोर तो काढणं म्हणजे त्यांचा अपमान झाला असता.

बॅच सुरू झाली. पहिल्या दिवशी पांढरे बूट घालून आलेले लोक हौद्याच्या कडेला रांगेत उभे, जणू थंड पाण्यात उतरायचं आहे. नाना कडेला बसून टोमणे मारायचे. एक निवृत्त इंजिनियर पुढे कोलांटी मारायला तयार होईनात. नाना म्हणाले, “सायेब, डोकं जड शे का? आते तरी खाले ठेवा.” इंजिनियर हसता हसता गडबडले आणि तीच त्यांची पहिली कोलांटी.

कल्पनाताई सगळ्यात घाबरलेल्या आणि सगळ्यात नेमाने येणाऱ्या. मी त्यांना आधी उकिडवं बसवलं आणि बसल्या बसल्या मागे लोळवलं. मग गुडघ्यावरून. मग उभ्याने. हात टेकायची सवय जाता जात नव्हती. नाना ओरडायचे, “मास्तरीनबाई, हात खिसामा ठेवा.” पंजाबी ड्रेसला खिसा नाही, त्या सांगायच्या. “मंग मनमा ठेवा.” पावसाळा संपता संपता त्या भाजीची पिशवी घेऊन बाजारात घसरल्या. पाठ गोल, हनुवटी आत, कुशीवर लोळल्या आणि उठून बसल्या. तिथूनच त्यांनी मला फोन लावला.

“मॅडम, मी पडले.”

“लागलं का?”

“टोमॅटोंना लागलं,” त्या म्हणाल्या आणि हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नानांसाठी किटलीभर ताक आणलं. गोष्ट त्यांना मीच सांगितली होती. नानांनी किटलीत डोकावून पाहिलं, वास घेतला आणि म्हणाले, “गोड शे. मातीले चालाव नही.” आणि सगळं पिऊन टाकलं. ते दिवस मला माझ्या लहानपणाइतकेच आवडले. माती पुन्हा तुडवली जात होती, हळदीचा वास कॉलनीभर यायचा, आणि नाना काठी शेडच्या बाहेर विसरून जायचे.

दिवाळीच्या सुट्टीत मी शिरपूरला एका शाळेच्या कॅम्पसाठी गेले. नानाही त्याच वेळी मुलीकडे गेले होते. आम्ही दोघंही नाही, हे जगदीशभाऊंना माहीत होतं.

परत आले तर शेडला रंग दिलेला. आत हौदा नव्हता. जमीन सपाट, त्यावर टाइल्स, टाइल्सवर पातळ रबरी मॅट, भिंतीला आरसे, कोपऱ्यात स्पीकर. मारुती तसाच ठेवला होता, भोवती दिव्यांची माळ. आणि त्याच्या शेजारी फ्रेममध्ये नानांचा मोठा फोटो. फोटोला प्लास्टिकच्या फुलांचा हार.

नाना माझ्याआधी पोचले होते. काठीवर दोन्ही हात ठेवून फोटोसमोर उभे होते. मला बघून म्हणाले, “पोरी, मी मरी गऊ का?”

मी जाऊन त्यांच्या शेजारी उभी राहिले.

“तसं राहिनं तर सांगी दे. घरना लोकेसले कळाडनं पडी.”

जगदीशभाऊ पेढे घेऊन आले. त्यांना खरोखर वाटत होतं की आम्ही खूश होऊ.

“कसं वाटलं सरप्राइज? नानांच्या नावानेच सेंटर केलंय. लोकांची तक्रार होती, कपड्यांचे डाग जात नाहीत. दोघांना धुळीची अ‍ॅलर्जी. अपग्रेड तर करावंच लागतं, मॅडम.”

“माती कुठे आहे?”

“वाया नाही घालवली. बागेत टाकली. गुलाबाच्या वाफ्यांत.”

“तुम्ही कपाळाला लावून शब्द दिला होता.”

“अहो, ते प्रेमाने केलं. नाना मोठे माणूस, त्यांचं मन राखायचं असतं. तुम्ही शिकलेल्या आहात. मातीवर करार होतो का कुठे?”

“मग फोटो कशाला काढून घेतला होता?”

“तो तर ग्रुपवर टाकायला.”

मी काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. कॉलनीतल्या लोकांनी ऐकलं आहे. नाना मला ओढून बागेकडे घेऊन गेले. तिथे वाफे काळ्या मातीने आणि शेणखताने भरलेले, वर पांढरं रासायनिक खत पसरलेलं. नानांनी खाली बसून मूठभर माती उचलली, चोळली, वास घेतला. बराच वेळ वास घेतला. मग वाफ्यातच परत ठेवली.

“आते आखाडानी नही राहिनी. फुलेसनी व्हयी गई.”

यावलच्या शिष्याला त्यांनीच फोन केला. मी शेजारी बसले होते. “माती नही येवाव, भाऊ,” एवढंच बोलले आणि फोन माझ्याकडे दिला.

ही माती यावलला जायची होती, हे कल्पनाताईंना संध्याकाळी कळलं. त्या म्हणाल्या, “थांबा. मजूर माती काढत होते तेव्हा बायका कुंड्यांसाठी पाट्या भरून घेऊन गेल्या होत्या. सगळी काही बागेत गेली नाही.” त्यांनी स्वतः घरोघर जायला सुरुवात केली. कुणी म्हणालं झाड लावलं, कुणी म्हणालं आता कोण उपटणार. पण काही कुंड्यांत अजून झाड नव्हतं, नुसती माती भरून ठेवलेली. एका बाईच्या गच्चीवर अर्धं पोतं तसंच पडलेलं होतं. निवृत्त इंजिनियर साहेबांनी आपल्या जिन्याखालची बादली आणून दिली. नाना प्रत्येक घरच्या मातीचा वास घ्यायचे आणि मान हलवायचे, ही हो, ही नको. सगळं मिळून एक पोतं भरलं. ट्रॉलीभर मातीतलं एक पोतं.

ते आम्ही यावलला नेलं. गाडी कल्पनाताईंच्या मुलाची. केळीच्या बागा सुरू झाल्या तसे नाना खिडकीतून बाहेर बघत राहिले. तिथल्या मुलींनी पोतं हौद्याच्या मधोमध रिकामं केलं, पायाने पसरवलं, आणि जुनी कुठली आणि नवी कुठली ते थोड्या वेळात कळेनासं झालं. नानांनी वाकून चिमूट कपाळाला लावली. मग एका मुलीला म्हणाले, “पडी दाखाड.” ती पडली. तिने हात टेकला. नानांनी काठीने तिच्या हाताकडे खूण केली. मी आत उतरले आणि तिला दाखवलं.

विरजणाला एक पोतं पुरेसं झालं. म्हणून माझी तक्रार मिटली असं कुणी समजू नये.

वाचणाऱ्यांना माझ्या धंद्यातलं एकच सांगते. फिटनेससाठी कुठला खेळ निवडू असं विचारत फिरू नका. क्लासमध्ये गेलात की आधी खाली बघा. पायाखाली काय आहे, आणि तुम्ही पडलात तर कुणी जबाबदारी घेणार आहे का, ते बघा. आरसे आणि म्युझिक नंतर. हिरवळ कॉलनीत आता गाण्यांवर लाथा मारतात. पातळ मॅटवर एकजण घसरला आणि त्याचं मनगट मोडलं, असं कानावर आलं. त्याने हात टेकला असणार. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

नानांच्या फोटोवरचा हार अजून आहे. मी दोनदा सांगितलं, काढा. “राहू द्या, शोभा येते,” असं उत्तर मिळालं.

जगदीशभाऊ, तुम्ही पुन्हा सेक्रेटरी झालात. अभिनंदन मी करणार नाही. नाना जिवंत आहेत, रोज सकाळी घराच्या ओट्यावर बसलेले असतात, तुमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे. तो हार तुमच्या हाताने काढा, त्यांच्यासमोर जाऊन उभे राहा आणि कॉलनीची तीच दहा-बारा माणसं बरोबर न्या. मग त्यांना तोंडाने सांगा की त्या दिवशी तुम्ही वाकून उचललंत आणि कपाळाला लावलंत, ते काय होतं.